खोडाळ्याच्या कॉम्प्युटरचा जबाब

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जव्हारहून ठाण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. संगणकाविरुद्धची पहिली तक्रार मी ऐकली ती मोखाड्याकडच्या एका पोलीस चौकीत. त्या भागात तोवर संगणक आलेला नव्हता. त्याचा कायदाही नव्हता.

खोडाळ्याच्या आठवडे बाजारात एक फिरता माणूस ‘कॉम्प्युटर भविष्य’ ऐकवत असे. पत्र्याची पेटी, तिच्यावर उघडझाप करणारे रंगीत दिवे आणि एक हेडफोन. पैसे देईल त्यालाच भविष्य ऐकू येई. पोशेऱ्याच्या एका शेतकऱ्याने मुलाचे ठरलेले लग्न मनात धरून हेडफोन कानाला लावला. भिवंडीत मजुरी केलेली असल्याने त्याला हिंदी कळत होती. ‘शुभ कार्य टाल दीजिए,’ असे यंत्र म्हणाले. त्याने लग्न मोडल्याचा निरोप धाडला.

मुलीचा बाप मुलीला घेऊन चौकीत आला. फौजदारांनी पेटीवाल्याला पेटीसकट आणले, मुलाच्या बापालाही बोलावले. बातमी मिळेल म्हणून मी गेलो.

फौजदारांची अडचण कलमाची होती. फसवणूक लावावी, तर ज्याने पैसे दिले तो समाधानी होता. ज्याची तक्रार होती त्याने पैसे दिले नव्हते.

“याला आत टाकू का?” त्यांनी मुलीच्या बापाला विचारले.

“त्याला टाकून माझ्या पोरीचं लगीन व्हनार का, साहेब? मशिनीनं मोडलं, मशिनीनंच जोडावं.”

पेटीवाल्याने हात जोडले. “साहेब, आत नुसता टेप आहे. नवीन भरून देतो, लग्न करा म्हणून.”

“मुद्देमालात फेरफार? तो वेगळा गुन्हा होईल.”

पेटीची मागची बाजू उघडली. बॅटरी, टेपरेकॉर्डर, कॅसेट. मुलाच्या बापाने वाकून सगळे पाहिले.

“टेप आमच्या पोराकडं पन हाय,” तो म्हणाला. “तो गानी म्हनतो. लग्नाचं कधी बोलला नाय.”

तेव्हा दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, “मी ऐकू का?”

फौजदारांनी दोन पंच बसवले, हेडफोन तिच्या हाती दिला आणि दिव्यांचे बटण दाबले. टेपचे दाबायचे राहिले. मी पेटीच्या मागे उभा होतो. कॅसेट फिरत नव्हती. पेटीवाल्यालाही ते दिसले. तो दिव्यांकडे पाहू लागला.

मुलीने बराच वेळ ऐकले. मध्ये एकदा मान डोलावली.

“काय म्हनतं?” मुलाच्या बापाने विचारले.

“म्हनतं, पोरगा बरा हाय. सासऱ्यानं बाजारात एकट्यानं फिरू नये.”

“हिंदीत म्हनतं?”

“नाय. आपल्या बोलीत.”

तो जरा खट्टू झाला. “माझ्याशी नाय बोललं तसं.” मग त्याने विचारले, “कधी करा म्हनतं?”

तिने पुन्हा हेडफोन लावला. “भाताची झोडनी झाली का लगेच.”

फौजदारांनी पंचनाम्यात यंत्र चालू स्थितीत असल्याचे नोंदवले. पंचांनी अंगठे उठवले. मुलाचा बाप मुलीच्या बापाकडे वळला.

“आमची झोडनी लवकर उरकंल, व्याही. तुमची?”