कुलपातला बडग्या

ते वर्ष मी धाकधुकीतच काढलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नागपुरात पालिकेच्या शाळांमध्ये मी चित्रकलेची बाई होते, आणि तोंडाला कुलूप नसल्यामुळे एका मीटिंगमध्ये बोलून गेले की चित्र, गाणं, नाटक, हस्तकला यांचे तास वेगवेगळे कशाला, एकत्र शिकवा की! शिक्षण खात्याच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच शिकवून दाखवा." आ बैल मुझे मार, दुसरं काय. एका वर्षापुरती योजना मंजूर झाली आणि मी तिची प्रमुख झाले. मध्येच कधीतरी कमिटी येऊन बघणार. पसंत पडलं तर योजना पुढे चालू, नाही तर बंद. बंद झाली की तिच्यासाठी तात्पुरते घेतलेले संगीत मास्तर घरी. मास्तरांच्या पदरी तीन मुली. ते याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, म्हणून मला जास्तच धास्ती वाटायची.

सुरुवात विणकरांच्या वस्तीतल्या शाळेपासून केली. आजूबाजूच्या घरांतून दिवसभर मागांची खटखट यायची. मुलं ग्लास आणि केळं काढण्यात मात्र पटाईत, कारण चित्रकलेच्या परीक्षेला टेबलावर वर्षानुवर्षं तेच ठेवलेलं. मी म्हटलं, आज गाणं ऐका आणि मनात येईल ते काढा. मास्तरांनी यमन लावला, छान लावला. सगळ्या वर्गानं ग्लास आणि केळं काढलं.

मास्तर पेटी मिटत म्हणाले, "बाई, माह्या यमनात तुमाले केळं कुठी दिसलं?"

मी चिडले, नंतर खूप हसले, आणि घरी येऊन रडले. मला काही येत नाही आणि ते आता सगळ्या खात्याला कळणार, एवढंच डोक्यात फिरायचं.

मग पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. गावाची रोगराई, पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा म्हणजे मारबत, आणि तिच्यासोबत गल्लीगल्लीतून निघतात ते बडगे: कागद, बांबू, चिंध्यांचे मोठाले पुरुष. त्या वर्षी लोकांना जे छळत असेल त्याची खिल्ली उडवणारे. मिरवायचे, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचे. आमच्या घरात हे छप्पन्न सालापासून बंद. वडिलांनी धम्म घेतला आणि पीडा-बिडा सगळं दाराबाहेर ठेवलं. पण शाळेमागच्या गल्लीत आमचीच पोरं बांबू बांधताना दिसली, एक जण ताल धरून राहिला होता, दुसरा घोषणा जुळवत होता, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! मी जे महिनाभर घसा फोडून सांगत होते ते ही कार्टी फुकटात करून राहिली होती.

बडग्या शाळेत आणला. विषय मुलांनीच ठरवला: कोरडा नळ. ढेरपोट्या माणूस, गालावर पावडर, आणि नाकाच्या जागी खराखुरा पितळी नळ. तो आणला सातवीतल्या एका मुलीनं. तिचा आवाज असा की माग थांबावेत. मी म्हटलं, "अगं, घरचा नळ काढून आणलास?"

"मायनंच देला. म्हणे, पानी त येतच नाही, नेऊन टाक."

मास्तरांनी आधी नाक मुरडलं, मग हळूच ढोलकी मागवली. घोषणांना चाली लागल्या. गणित कच्चं असलेला एक पोरगा बडग्याच्या पोटाचं माप बरोबर काढायला लागला. पहिल्यांदा मला रात्री झोप लागली.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी न सांगता साहेब आले.

पालिकेच्या शाळेत, पालिकेच्या कागदावर, पालिकेच्याच नळाची टिंगल! मास्तर ढोलकीमागे लपले म्हटलं तरी चालेल. साहेबांनी बडग्याभोवती चक्कर मारली, नळ फिरवून पाहिला, आणि पोट धरून हसले. "वा! हा जपून ठेवा. पुढच्या आठवड्यात कमिटीला हाच दाखवू. हात लागू देऊ नका कुणाला."

"हो साहेब," मी म्हटलं. आनंदानं इतकी बेभान होते की आपण काय कबूल केलं ते जीप गेल्यावर कळलं. बडग्या ठेवायचा नसतो. तो जाळायचा असतो.

मारबतीच्या दिवशी सगळ्या शहराचे बडगे निघाले, आमचा सामानाच्या खोलीत कुलपात बसला. मुलांना मी सांगितलं, "एवढी मोठी माणसं बघायला येणार आहेत, थोडी कळ काढा." कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवसांत वस्तीत डोळ्यांची साथ आली. त्या दिवसांत ती दरवर्षीच यायची, सगळ्यांना माहीत होतं. पण यंदा शाळेत बडग्या होता. आधी एक बाक रिकामा, मग एक ओळ, मग अर्धा वर्ग. नळ आणणाऱ्या त्या मुलीची आई साडीचा पदर खोचून थेट वर्गाच्या दारात आली. बाई एरवी गरीब, पण त्या दिवशी तिचा आवाज लेकीवर गेला होता.

"बाई, त्याले काहून कोंडून ठेवलं? साऱ्या गावाची पीडा त्याच्यात घातली आन् लेकरायच्या शाळेत कुलूप लावून ठेवता?"

"अहो, डोळे दरवर्षीच येतात."

"दरवर्षी त्याले जाळतो बी!"

मी मानत नव्हते, माझ्या बापानं मानायचं सोडलं होतं, आणि तरी त्या संध्याकाळी माझाही उजवा डोळा खुपायला लागला. आरशात बघितलं तर लाल. मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या, गुलाबपाणी घातलं आणि बसून हिशेब मांडला. बडग्या ठेवला तर मुलं येणार नाहीत, आणि मुलांशिवाय कमिटीला काय दाखवणार, चिंध्या? जाळला तर साहेबांचा शब्द मोडला, योजना गेली, मास्तर गेले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मास्तरांना विचारलं. ते नुसतं म्हणाले, "माह्याकडं पाहून ठरवू नका बाई." म्हणजे झालंच! आता त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय ठरवू कशी?

कमिटीच्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर ती मुलगी उभी होती. दोन्ही डोळे टोमॅटोसारखे. मागे वर्गातली बरीच मुलं. फाटकाच्या आत एकही पाऊल नाही.

"आत ये ना गं. पीडा वगैरे काही नसतं."

"मले बी मालूम हाय, बाई," ती म्हणाली. "पन तो अजून झाला कुठी? तुमीच म्हनता न, अर्धं काम दाखवाचं नाही. जाळल्याबिगर बडग्या होतो का?"

मुलांना मी रोज सांगत होते की चित्र वेगळं नाही, गाणं वेगळं नाही, सगळं मिळून एक. आणि शेवटचा तुकडा मीच तोडून कुलपात ठेवला होता, साहेबांना आवडला म्हणून. मला इतका राग आला, साहेबांचा, माझा, त्या ढेरपोट्याचाही. भीती गेली नव्हती हं. तरी सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं.

मास्तरांनी ढोलकी गळ्यात अडकवली. पोरांनी बडग्या खांद्यावर घेतला. मुलीचा आवाज चढला, "कोरडा नळ घेऊन जा गे मारबत!" आणि घराघरांतून बाकीची लाल डोळ्यांची पोरं धावत आली. चौकातच समोरून जीप आली. कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ बाहेर डोकं काढून ताल धरायला लागले, पण साहेबांचा चेहरा पाहून थांबले.

"बाई! हे काय चाललंय?"

"काम पूर्ण करून राहिलो साहेब. बघायला चला."

ते आले नाहीत. मैदानात बडग्या धडधडून जळाला. राख निवल्यावर मुलीच्या आईनं काठीनं नळ बाहेर ओढला, पदरानं पुसला आणि घरी नेला.

योजना बंद झाली. साहेबांनी लिहिलं की दाखवण्यासारखं काही आढळलं नाही. डोळ्यांची साथ आपोआप ओसरली, तशी ती ओसरतेच. मास्तर सायकलवर रामदासपेठेत पेटीच्या शिकवण्या घ्यायला लागले. मला भेटले की मीच नजर चुकवायची. मला दुसऱ्या शाळेत टाकलं. टेबलावर ग्लास, शेजारी केळं.

पुढच्या मारबतीला मी इतवारीत गर्दीत उभी होते. कशाला गेले कोण जाणे. एकापाठोपाठ एक बडगे गेले, आणि मग तो माग थांबवणारा आवाज आला. मी टाचा उंचावल्या. बांबूचा भलामोठा माणूस, डोक्याच्या जागी पेला, नाकाच्या जागी हातभर पिवळं केळं. पुढे मास्तर, गळ्यात ढोलकी, घामानं निथळत. पोरं निम्मी आमची, निम्मी मी कधी न पाहिलेली.

"ग्लास-केळं घेऊन जा गे मारबत!"

मुलीनं मला पाहिलं आणि हात वर केला. मी आधी मागे वळून बघितलं, खात्यातलं कोणी आहे का. मग वडिलांच्या ओळखीचं कोणी आहे का. मग ओरडले.