साडूचा कोट

पांढरकवड्यात बसस्टँडसमोर बळीराम मुनेश्वरचा फोटो स्टुडिओ होता, आणि दर चार-आठ दिवसांनी बळीराम गळ्यात जुना कॅमेरा अडकवून रस्त्यावर येई. त्याला कलेचा नाद होता असं कोणी समजू नये. त्याला रोल संपवायचा असे.

भानगड अशी, की एका रोलमध्ये छत्तीस फोटो. गिऱ्हाइकाला फॉर्मवर लावायला फोटो आजच हवा, आणि रोलमध्ये अजून दहा शिल्लक. दुसरे फोटोग्राफर अंधाऱ्या खोलीत रोल कापून लागेल तेवढाच तुकडा धुवत. बळीरामने एकदा तसं केलं आणि एका नवरदेवाचं फेट्यासकट अर्धं डोकं गेलं. नवरदेवाची आई तीन दिवस स्टुडिओच्या पायरीवर बसून होती. तेव्हापासून रोलला कात्री लावायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं. उरलेले फोटो तो बाहेर येऊन समोर दिसेल त्याच्यावर उडवून टाकी. पंक्चरवाला, गालाला साबण लावून बसलेले हेडमास्तर, हैदराबादच्या ट्रकखाली झोपलेला क्लीनर, पाणीपुरीच्या गाडीवर गुपचूप आलेल्या दोन सासवा.

"थांबू नका हो, चालू द्या तुमचं. रोल संपवून राह्यलो," असं तो सांगे, आणि लोक खरंच थांबत नसत. हेच लोक स्टुडिओतल्या स्टुलावर बसले की श्वास रोखत आणि तोंडी परीक्षेला आल्यासारखे दिसत.

रस्त्यावरचे हे फोटो तो कधी छापत नसे. निगेटिव्ह मात्र बिस्किटांच्या डब्यांत भरून ठेवी. वीस वर्षांत असे सतरा डबे झाले.

"हा कचरा काहून सांभाळून राह्यले?" बायको प्रभावती विचारे.

"मानसं हायेत त्याच्यात," बळीराम म्हणे. यावर प्रभावती डब्यांवरून फडकं मारी.

दोन हजार सहा साल उजाडलं. कापसाचं पार वाटोळं झालं होतं. मुंबई-दिल्लीचे लोक हातभर लांब कॅमेरे घेऊन येत, बळीरामला खेड्यांचे रस्ते विचारत, रडणाऱ्या बायांचे फोटो काढत आणि दिवस मावळायच्या आत नागपूर गाठत. बळीरामला त्यांचा मनापासून राग येई. रस्ता मात्र तो बरोबर सांगे.

त्याच्याकडेही त्या वर्षी एकच काम वाढलं, हाराच्या फोटोचं. मेलेल्या माणसाचा जो काही फोटो घरात सापडे, त्यातला चेहरा कापून तो कोटटायवाल्या धडावर बसवायचा, ही या धंद्याची रीतच होती. धड बाभुळगावच्या अतुलरावांचं होतं. अतुलराव बळीरामचे साडू. त्यांनी स्वतःच्या लग्नात शिवलेला कोट बळीरामला बेहद्द आवडला होता. अतुलराव अजून धडधाकट होते, पण त्यांची छाती केळापूर तालुक्यातल्या शंभरेक भिंतींवर हार घालून होती.

एके दुपारी कोकिळा आली. तिचा नवरा देवीलाल कापसाच्या जिनिंगवर हमाल होता, गेल्या वर्षी काविळीने गेला. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध होतं आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावर एक होता, पण त्यात नुसते कान ओळखू येत.

"तुमी रस्त्यानं फोटो काढत फिरता ना, भाऊ? त्याच्यात असन का हो कुठी?" तिने विचारलं. कडेवरच्या पोरीने काउंटरवरची फूटपट्टी ओढली. "ही ममता. बाप गेला तवा सहा मह्यन्यांची होती. हिले काय दाखवू?" मग जरा थांबून म्हणाली, "अन् आता मलेच त्याचा चेहरा नीट आठवत नाही. पाह्यते म्हनलं तं कानच दिसते कार्डावरचे."

 बळीरामने सतराही डबे खाली काढले. बल्बसमोर पट्ट्या धरून धरून डोळ्यांना पाणी आलं. चौथ्या दिवशी, अकराव्या डब्यात देवीलाल सापडला. कापूस खरेदीच्या रांगेत, बैलगाडीच्या धुरीला टेकून, हातात चहाची बशी, ओठ फुंकर घालायला पुढे आलेले, आणि त्या अवस्थेतही हसत होता.

बळीरामला आनंद झाला आणि त्या आनंदातच त्याने घोळ घातला. दोन दिवस खपून त्याने बारीक ब्रशने देवीलालचं तोंड मिटवलं, हसू पुसलं, केस बसवले आणि चेहरा अतुलरावांच्या कोटात चढवला. इतकं सुबक काम त्याने आजवर कोणाचं केलं नव्हतं.

कोकिळा फोटो बराच वेळ पाहत राहिली.

"मानूस तं चांगला हाये, भाऊ," ती म्हणाली. "पन हा कोन व्हय?"

 बळीरामने आत जाऊन मूळ फोटो छापला आणि ओला तसाच आणून तिच्यापुढे ठेवला.

"हा!" ती म्हणाली. "बशीतला चहाबी याले गरमच लागे!" आणि ती हसली. मग तिचं बोट कडेला सरकलं. तिथे फोटोत अर्धवट आलेला एका बाईचा हात होता. कोपर, त्याखाली गोंदण आणि मुठीत जेवणाचा डबा. कोकिळाने आपला हात फोटोशेजारी धरला. तेच गोंदण.

"डब्बा घेऊन गेलती मी त्या दिवशी," ती म्हणाली. "मले पाहून हासून राह्यला." आणि मग ती रडायला लागली. ममता फूटपट्टी वाजवत होती.

बळीरामने सवयीने कात्री उचलली. फोटोची कड साफ करणं हे त्याचं नेहमीचं काम. हात कापला की चौकट बरोबर बसणार होती.

"कापू नका, भाऊ."

वर्षश्राद्धाला बळीराम जेवायला गेला. हाराखाली देवीलाल चहाला फुंकर घालत होता. काही पाहुण्यांना ते बरं वाटलं नाही, एकदोघांनी कोटाची चौकशीही केली. कोकिळाने ममताला उचलून फोटोपुढे धरलं. पोरीने आधी त्या हातातल्या डब्याला बोट लावलं, मग गोंदणाला, आणि मागे वळून आईच्या हातावरच्या गोंदणाला. "आई," ती म्हणाली.

"हो. अन् हा तुहा बाप," कोकिळा म्हणाली, आणि तिचं बोट धरून तिने ते वर, त्या हसण्यावर नेलं.