बॉरो, लेंड आणि काकूंचा डबा

श्रीवर्धनला भाड्याच्या खोलीत मी इंग्रजीची शिकवणी घेतो. मुलं मोजकीच, पण आवाज माझा जाहीर सभेतला. समोरच्या ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसणाऱ्या काकूंना तो फुकट ऐकावा लागतो. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. हातातली सुपारी सोलून टोपलीत पडल्याशिवाय त्या तोंड उघडत नाहीत, एवढं मात्र माहीत आहे.

एकदा त्यांनी मला डबाभर कोलंबीचं कालवण दिलं. मी डबा लख्ख घासून परत केला आणि वर त्याचाच धडा केला. "बॉरो म्हणजे उसनं घेणं, त्याच्यापुढे फ्रॉम. लेंड म्हणजे उसनं देणं, त्याच्यापुढे टू. काकूंनी डबा लेंड केला, मी बॉरो केला, परत दिला. विषय संपला!" खिडकीकडे बघून मी हे जरा मोठ्यानंच म्हणालो.

सुपारी टोपलीत पडली. "मास्तर, रिकामा डबा कुनी परत देतं व्हय?"

मी ओशाळून डबा मागून आणला आणि मला येणारा एकमेव पदार्थ, म्हणजे पोहे, भरून दिला. दुसऱ्या दिवशी डबा तळलेले बोंबील घेऊन परत हजर!

"पोहे कसे झाले होते?" मी विचारलं.

ती सुपारी सोलायला जरा जास्तच वेळ लागला. "कोंबड्यांनी आवडीनं खाल्ले."

तेव्हापासून डबा असाच ये-जा करतोय. कोणी लेंड केला आणि कोणी बॉरो, हे मुलांना सांगायचं मी सोडून दिलंय. मी डबा घेऊन निघालो, की कोंबड्या मात्र धावत येतात.