तालमीतलं वर्षश्राद्ध

बाकीची मुलं 'घर', 'कमळ' वाचत अक्षरं शिकली, मी पत्रकं वाचत शिकलो. काका सभासभांतून पत्रकं गोळा करून आणत आणि मी ती ओट्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणत असे. मला न अडखळता वाचता आलेला पहिला जड शब्द 'धिक्कार'. त्यानंतर घरात आमटी खारट झाली तरी मी तिचा जाहीर धिक्कार करी.

त्यामुळे गेल्या साली अमृतसरच्या बागेतल्या गोळीबाराला वर्ष होत आलं, तेव्हा आमच्या पेठेनं तो दिवस पाळलाच पाहिजे, असं मी एकट्यानंच एकमतानं ठरवलं. आमच्या संस्थानात मोर्चा काढणं अवघड. उपासाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मी रात्रभर बसून पत्रकं लिहिली : 'बंधूंनो, निःशस्त्रांच्या हत्येचा पहिला वर्षदिन! कडकडीत उपास करा!' सकाळी ती घेऊन थेट तालमीत गेलो. पैलवान उपाशी राहिले तर पेठेत घास गिळायची कुणाची छाती होणार?

वस्तादांना वाचता येत नसे. त्यांनी मला कुस्तीच्या हौदाच्या कडेला उभं करून पत्रक वाचायला लावलं. मी 'नराधम' या शब्दावर मूठ आपटली, ती एका पैलवानाच्या मांडीवर बसली आणि माझंच मनगट सुजलं.

"थांब लेका," वस्ताद म्हणाले. "माणसं मेल्याला उद्या वरीस होतंय?"

"होय."

"समदी एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी, वस्ताद. एकाच बागेत."

"मग हे आज सांगतोस व्हय? आदी सांगायचं की! तयारी लागती."

कसली तयारी, हे विचारायला हवं होतं. पण मी विजयानं इतका फुगलो होतो की तसाच घरी आलो आणि संध्याकाळपासून पाण्यावर राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपासाची पाहणी करायला निघालो, तर कोपऱ्यावरच वड्यांचा वास आला. तालमीच्या अंगणात भली मोठी कढई चढली होती. डोंगराएवढे पैलवान मांडी घालून भोपळा चिरत होते. एकजण नारळ खवत होता आणि जोराच्या भरात निम्मी करवंटीही खवून बसला होता. शेजारच्या शिंप्याच्या घरातली चाची शिऱ्याचं पातेलं घेऊन आली होती. मेलेल्यांच्या नावाचा फातिहा घरीच पढून झाला होता.

मी ओरडलो, "वस्ताद, हा काय उपास?"

"वर्षश्राद्धाला उपास?" वस्ताद माझ्याहून मोठ्यानं ओरडले. "येडा हाईस का? मेलेल्या माणसाला वरीस झालं की पान वाढत्यात. त्येंच्या नावानं कुणीतरी जेवाय लागतंय. तुझ्या कागदात एवढं बी न्हाई?"

"आम्ही पण अशा दिवशी खिलवतो, बेटा," चाची म्हणाली. "भुकं ठेवून कुणाचा जीव निवतो?"

मी चिडून हौदाकडे बोट दाखवलं. काहीतरी जळजळीत बोलणार होतो, पण माती सपाट होती. तिला फावडं लागलं नव्हतं. कुस्तीची एकही जोड झाली नव्हती. वस्तादांचा स्वतःचा भाऊ गेला तेव्हाच काय ती ती माती एक दिवस अशी पडून होती.

अडचण वेगळीच निघाली. पानावर उपाशी माणूस बसवायचा असतो, आणि सगळे पैलवान पहाटे दूध-बदाम रिचवून मोकळे झालेले. "कोण हाय का निरंकार?" वस्तादांनी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला ही संधी वाटली. सगळ्यांना लाज आणावी म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे! कालपासून अन्नाला शिवलेलो नाही!"

"ह्योच की!"

दोघांनी मला काखेत धरून उचललं आणि पाटावर ठेवलं. मी पाटावरूनच निषेध नोंदवत होतो. तेवढ्यात, काल मला लेका म्हणणारे वस्ताद समोर आले, वाकले आणि त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं.

"जेवा जी, पावणं. लई लांबनं आलासा. आमच्याकडचं तिखट सोसंल न्हवं?"

ते माझ्याशी बोलत नव्हते. चाची शिरा वाढता वाढता म्हणाली, "मागं घरी कोण कोण हाय, बाबा? लेकरं हाईत?"

मला ठाऊक नव्हतं. गोळीबारावरची सगळी पत्रकं मला पाठ होती, पण त्यांत लेकरं कुणाचीच नव्हती. मी पहिला घास घेतला. मोडला उपास.

पैलवान भिंतीला टेकून माझा प्रत्येक वडा डोळ्यांनी चावत होते, कारण पाहुणा उठेपर्यंत कुणाला बसता येत नाही. नऊ वडे झाल्यावर वस्तादांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पावणं, आत्मा निवला का?"

यावर 'निवला' म्हणायचं असतं. माझ्या पोटाला तड लागली होती, पण ज्यांच्या पाटावर मी बसलो होतो त्यांच्या वतीनं हे कसं म्हणायचं? कोण निवलं होतं?

"म्हणा की ओ, पावणं," भिंतीकडून एक कळवळला. "जीव चाललाय हितं!"

वस्तादांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"जेवण झालं, वस्ताद," मी म्हणालो. "आत्मा नाही निवला."

असं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. चाचीनं पदर तोंडाला लावला. कढईतला वडा करपला तरी कुणी हललं नाही. वस्तादांनी हात जोडले. म्हणाले, "खरं हाय. मग पुढल्या वर्साला परत या, पावणं. निवंपतोर येत ऱ्हावा."

आणि पैलवान वड्यांवर तुटून पडले.

आज गोळीबाराला दोन वर्षं झाली. पत्रक लिहिलंय, पण वाटायला दुसऱ्याला दिलंय. मला तालमीत जायचंय, आणि कालपासून पोटात काही नाही.