डॉक्टर या शब्दाचं मूळ

बायकोपासून माझं काहीच लपत नाही, पण हे एवढं मी तिच्यापासूनही लपवलं — आज तुम्हाला सांगतो.

अड्याळला माझा इंग्रजीचा क्लास आहे. माझी खासियत म्हणजे शब्दांची लॅटिन मुळं. सायन्सचं मूळ जाणणं, स्टुडंटचं मूळ एखाद्या गोष्टीच्या मनापासून मागे लागणं — पोरं सुरात म्हणायची आणि मी ऐटीत फेऱ्या मारायचो. जाणण्या-शिकण्याचे शब्द शिकवणारा मी, आणि ‘मला माहीत नाही’ एवढं साधं वाक्य काही तोंडातून निघायचं नाही. काय म्हणावं अशा माणसाला? वैताग येतो नुसता!

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. क्लासात वैशाली नावाची मुलगी होती, दहावीतली. पवनीच्या इंग्रजी शब्दस्पर्धेत पहिली आली तर नागपूरला राहून पुढचं शिक्षण फुकट होणार होतं. नाही आली तर लग्न — वडिलांनी स्थळ बघून ठेवलं होतं.

एकदा तिनं विचारलं, डॉक्टरचं मूळ काय? मला कुठे ठाऊक होतं? दिलं ठोकून — औषध! दुसऱ्या दिवशी ती शाळेतला जाडजूड शब्दकोश घेऊन हजर. त्यात होतं, शिकवणं. डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा. मी चिडलो. “पुस्तकाले जास्त समजते का मले?” असं ओरडलो, आणि साऱ्या क्लासकडून ‘औषध, औषध’ घोकून घेतलं. तिच्याकडूनही.

स्पर्धेत शेवटच्या फेरीला नेमका हाच शब्द आला. तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर येत होतं हो तिला! तरी म्हणाली, औषध. का? तर सरांनी सांगितलं होतं. आमच्याकडे सरांचा शब्द कोण मोडतो? परीक्षक हसले. दुसरीच मुलगी पहिली आली.

इथवर निदान नुसता अडाणीपणा म्हणता येईल. पण बाहेर तिच्या वडिलांनी मला गाठलं. “काहून चुकली जी पोरगी, सर?”

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? ती शेजारीच उभी होती.

“मी त बरोबरच शिकवलं होतं,” मी म्हणालो. “तिचंच ध्यान नाही अभ्यासात.”

पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी जेवूनही आलो — लाज नावाची चीज नाही!

यंदा तिची मुलगी माझ्या क्लासला आली आहे. परवा फळ्यावर डॉक्टर हा शब्द लिहिला आणि पोरांना म्हटलं, मी सांगतो ते शब्दकोशात तपासून बघा. सगळ्यांनी पानं उलटली. ही एकटी हाताची घडी घालून बसलेली.

“तू काहून नाही पाहत?”

“आईनं सांगतलं,” ती म्हणाली, “सर सांगतीन तेच लिहजो. पुस्तक दाखवजो नको.”