क्रेनवाल्याचं इंजेक्शन

बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनवर त्याची नेमणूक होती. लग्न झालं तेव्हा तो माकडासारखा सरसर शिडी चढायचा. मग दिवसभर केबिनमध्ये बसणं, पाळी सुटली की तळणाच्या गाडीवर थांबणं आणि घरी आईचं "अजून थोडं वाढते रे" यांनी पोट सुटलं, ते सुटतच गेलं. अर्ध्या शिडीवर धाप लागू लागली. हमाल त्याला 'ढोल' म्हणायला लागले. तोही हसायचा. न हसून करतो काय?

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मूल होत नव्हतं. बायको हॉटेलांच्या चादरी धुऊन इस्त्री करणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर वाफेत उभी राहून घरी आली की सासूचे टोमणे तयारच. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पोटाला छेद देऊन दुर्बीणही घालून झाली. काही सापडलं नाही.

"तुम्हीही एकदा दाखवून घ्या ना," ती एकदा म्हणाली.

"माझ्या मुलाला काय धाड भरलीय?" आई कडाडली. "एवढा धट्टाकट्टा गडी!"

धट्टाकट्टा गडी मान खाली घालून जेवत राहिला. बायकोजवळ जायची इच्छाच आपल्याला होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

पुढे एकदा भर दुपारी केबिनमध्ये त्याचा डोळा लागला आणि लोखंडी पेटी ट्रकवर आदळली. कुणी मेलं नाही म्हणून नोकरी वाचली, पण साहेबांनी त्याला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं.

"टेस्टोस्टेरॉन फार कमी आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पुरुषाचं हार्मोन. पोटावरची चरबी नुसती पडून नसते, ती त्या हार्मोनचं बायकी हार्मोन करत राहते. मग मेंदूला वाटतं, पुरेसं आहे, आणि तो आणखी बनवायला सांगतच नाही. हार्मोन घटलं की चरबी वाढते, चरबी वाढली की हार्मोन घटतं. घोरण्यामुळे झोप मोडते, त्यानंही घटतं. वजन उतरवा, बरंच सुधारेल."

"इंजेक्शन नसतं का?"

"असतं. पण मूल हवं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं काम बंद करतं, बीजही बनत नाही."

घरी तो एवढंच म्हणाला, "जरा वजन वाढलंय, बाकी ठीक." आणि व्यायामशाळेतल्या मास्तराला गाठून गुपचूप इंजेक्शनं सुरू केली. 'बायकी हार्मोन' हा शब्दच असा होता की ऐकताना लाज वाटली होती. उपायाची वाट बघायला त्याला धीर नव्हता.

जादू झाली. अंगात जोर आला, आवाज चढला, तो बायकोकडे वळला. ती हरखली. सासूसुद्धा महिनाभर गोड बोलली. मूल मात्र राहीना. वर्ष उलटल्यावर बायकोनंच त्याला ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. तपासणीत बीज शून्य निघालं.

"तुम्हाला सांगितलं होतं ना मी?" डॉक्टरबाई चिडून म्हणाल्या.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "काय सांगितलं होतं?"

सगळं बाहेर आलं. दवाखान्याच्या जिन्यात ती थांबली. "माझं पोट कापलं तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. नंतर तुम्हाला खरं कळलं, तरी आईंपुढे माझ्या बाजूनं एक शब्द काढला नाहीत." ती तिथूनच बहिणीकडे गेली.

इंजेक्शनं थांबली. आधी तो अगदीच गळून गेला. मग पहाटे चालायला लागला, गाडीवरचं खाणं सोडलं. वजन उतरलं, पुष्कळ दिवसांनी स्वतःचं हार्मोनही जाग्यावर आलं, बीजही दिसू लागलं. सांगायला तो कारखान्याच्या दारात गेला. वाफेनं लाल झालेल्या तोंडानं ती बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं तुमचं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याचा नवा रिपोर्ट कळल्यापासून आई खुशीत होती. संध्याकाळी म्हणाली, "आता काही अडचण नाही. तिच्याकडून सोडचिठ्ठी घेऊ. एक स्थळ आलंय."

"दोष माझ्यात होता, हे सांगितलंस त्यांना?"

"ते कशाला सांगायचं? पहिलीतच खोट होती, असं सांगितलंय मी."

त्यानं तोंड उघडलं. मग नेहमीसारखंच मिटलं.