ताप न आलेली जखम

मंडळी, आज आईला घेऊन आर्णीच्या दवाखान्यात गेलतो. वावरात तिच्या पायात पऱ्हाटीचं, म्हंजे कपाशीचं, धसकट रुतलं होतं. पाय सुजला, पू झाला, पण ताप नाही.

"ताप नाही, मंग काहून भेऊन राह्यला?" आई म्हणे.

मले तेच खटकलं.

आईच्या बोटांचे वाकडे सांधे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "आमवातावर काय घेता?" आईनं पिशवीतून बाजारातल्या वैदूची पुडी काढून दाखवली.

"यात स्टेरॉइड असावं. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. ती दबली की सांधे मोकळे होतात, पण जंतूंशी लढायलाही कोणी उरत नाही. ताप कुठून येणार?"

आईला भरती केलं. संध्याकाळी मावशी भेटायला आली. तिलेही आमवात, मागच्या महिन्यात उठता येत नव्हतं, आज जिना भराभर चढली. सगळे खुश. मी तिच्या पिशवीकडे पाहून राह्यलो.

तुमच्या घरी कोणी असं एकाएकी बरं झालं का?